मत लँकेशायरचे, कर मुंबईचा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

निवडणुकीचे दिवस आले, की चहाच्या टपरीपासून एसटीच्या फलाटापर्यंत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. राज्यकर्ते जे आर्थिक निर्णय घेतात, ते मतदारांसाठी घेतात की आणखी कुणासाठी? विचारणाऱ्याच्या सुरातच बहुधा उत्तर दडलेले असते. ‘‘अहो, आपल्याला कोण विचारतो?’’ असे म्हणून तो ग्लास खाली ठेवतो आणि विषय संपतो.

मला हा विषय इतक्या लवकर संपवावासा वाटत नाही. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. बी.ए. झालो तो मराठी घेऊन, आणि पुढची वर्षे कवितेच्या नादात गेली. पण माझे घराणे मालेगावच्या विणकरांचे. घरात उर्दू बोलली जायची, बाजारात आणि शाळेत मराठी, आणि दोन्ही भाषांत बोलण्याचा विषय मात्र एकच असायचा, सुताचा भाव. तो भाव कुठे ठरतो, कोण ठरवतो, हे लहानपणी कुणी सांगत नसे. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळले, की एके काळी आपल्या अंगावरच्या कापडाचा भाव सात समुद्रांपलीकडच्या मतपेटीत ठरत होता. ती हकीकत आज सांगतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे, असा माझा दावा नाही. पण प्रश्न कसा विचारावा, हे तिच्यातून समजते.

मुंबईत पहिली कापडगिरणी काढली ती कावसजी डावर यांनी, १८५४ मध्ये. पुढच्या वीस वर्षांत गिरण्यांची धुराडी वाढत गेली. या गिरण्या जाडेभरडे कापड आणि जाड सूत काढत. तलम कापड यायचे ते विलायतेतून, मुख्यतः लँकेशायर परगण्यातून. मँचेस्टर, ब्लॅकबर्न, बोल्टन ही त्या परगण्यातली गावे कापडावरच जगत, आणि त्यांच्या कापडाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते हिंदुस्थान. बाहेरून येणाऱ्या कापडावर हिंदुस्थान सरकार पाच टक्के जकात घेत असे. तिच्यामागे देशी उद्योगाला संरक्षण देण्याचा हेतू नव्हता. सत्तावनच्या बंडाने तिजोरी रिकामी झाली होती, ती भरायची होती, एवढेच.

पण मुंबईच्या गिरण्या वाढू लागल्या, तशी मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना ही जकात खुपू लागली. १८७४ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सने भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. ही जकात म्हणजे देशी गिरण्यांना दिलेले संरक्षण आहे, मुक्त व्यापाराच्या तत्त्वाला ते धरून नाही, तेव्हा ती रद्द करावी. भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांना ते पटले. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना पटले नाही. जकात गेली तर खर्च कशातून चालवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. १८७६ मध्ये नॉर्थब्रुक पद सोडून गेले. ११ जुलै १८७७ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने ठराव केला, की हिंदुस्थानची आर्थिक स्थिती परवानगी देईल तितक्या लवकर कापडावरची जकात काढून टाकावी.

तारीख लक्षात घ्या. १८७७ चा जुलै. पुणे, सोलापूर, सातारा, नगर या जिल्ह्यांत तेव्हा मोठा दुष्काळ होता. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडत होती. त्याच सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या वर्षीच्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताचे कपडे घालून गेले होते. इकडे माणसे खडी फोडायच्या कामावर पोटापुरती मजुरी मागत होती, आणि तिकडे सभागृहात चर्चा चालली होती, ती मँचेस्टरच्या मालावरची पाच टक्के जकात कशी काढावी याची.

पुढे १८७९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात काढली. त्यांच्या स्वतःच्या कार्यकारी मंडळातले बहुमत विरुद्ध होते. ते त्यांनी आपल्या खास अधिकारात बाजूला सारले. दुष्काळाच्या नावाने लोकांवर नवे कर त्याआधी नुकतेच बसवले होते. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत उरलेली जकातही गेली. रिपन यांना आपण स्थानिक स्वराज्याचे जनक म्हणतो, आणि ते योग्यच आहे. मिठावरचा करही त्यांनी त्याच वर्षी उतरवला होता. पण विलायती कापड बिनजकात येऊ लागले तेही त्याच वर्षी. पुढे ब्रह्मदेशची लढाई झाली, लष्कराचा खर्च वाढला, रुपयाचा भाव घसरत गेला आणि पैसा कमी पडू लागला. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला. १८८८ मध्ये मिठाचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला. विलायती कापडाला मात्र कुणी हात लावला नाही. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही आली.

आता इथे थांबून एक गोष्ट विचारतो. हा निर्णय घेणाऱ्या इंग्रज राजकारण्यांनी आपल्या मतदारांचा विश्वासघात केला काय? मुळीच नाही. त्यांनी आपल्या मतदारांचेच ऐकले. इंग्लंडमध्ये १८६७ च्या कायद्याने शहरांतल्या कामगारांना मोठ्या प्रमाणावर मताधिकार मिळाला. १८८४ च्या कायद्याने तो गावाखेड्यांपर्यंत गेला. बायकांना तो अजून नव्हता, पण गिरणीत राबणाऱ्या लाखो पुरुषांना होता. त्यामुळे लँकेशायरमध्ये एरवी पगारासाठी भांडणारे मालक आणि कामगार या एका प्रश्नावर एका व्यासपीठावर आले. हिंदुस्थानातली जकात म्हणजे आपल्या पोटावर पाय, असे दोघांनाही वाटत होते. दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना ही मते हवी होती.

म्हणजे लोकशाही नीट चालली होती, फक्त ती दुसऱ्यांची होती. ज्यांनी कर भरायचा त्यांची नावे यादीत नव्हती, आणि ज्यांची नावे यादीत होती त्यांना कर भरायचा नव्हता.

या गोष्टीचा सर्वांत बोलका भाग १८९४ ते १८९६ या दोन वर्षांतला आहे. रुपया इतका घसरला होता, की जकात पुन्हा बसवल्यावाचून सरकारला गत्यंतर उरले नाही. मार्च १८९४ मध्ये बाहेरच्या बहुतेक सगळ्या मालावर पाच टक्के जकात आली, पण त्यातून कापड वगळले गेले. केवढा ओरडा झाला! तरीही पैसा पुरेना. मग डिसेंबरमध्ये कापडावरही पाच टक्के जकात बसली, पण लंडनची अट घेऊन. देशी गिरण्यांत निघणाऱ्या वीस नंबरापेक्षा बारीक सुतावर तेवढाच अंतर्गत कर, म्हणजे एक्साइज, बसवायचा. बाहेरच्या मालावर जितका भार, तितकाच घरच्या मालावर. हिशेब बरोबर!

लँकेशायरचे एवढ्यानेही समाधान झाले नाही. फेब्रुवारी १८९५ मध्ये पार्लमेंटात या जकातीविरुद्ध ठराव आला. तेव्हाचे भारतमंत्री हेन्री फाउलर यांनी हिंदुस्थानची बाजू जोरात मांडली. या सभागृहातला प्रत्येक सभासद हा हिंदुस्थानचाही सभासद आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. कुणाला वाटेल, न्याय झाला. पण पाचच महिन्यांत निवडणुका झाल्या. फाउलर यांच्या उदारमतवादी पक्षाचा पराभव झाला आणि लँकेशायरमध्ये हुजूर पक्षाने मोठी बाजी मारली. दादाभाई नवरोजी १८९२ मध्ये अवघ्या पाच मतांनी पार्लमेंटात गेले होते, तेही या निवडणुकीत पडले. नवे भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन आले, आणि फेब्रुवारी १८९६ मध्ये नवा कायदा झाला. विलायती कापडावरची जकात पाचाची साडेतीन टक्के झाली. सूत करमुक्त झाले. आणि देशी गिरणीत विणल्या जाणाऱ्या प्रत्येक कापडावर, मग ते कितीही जाडेभरडे असो, साडेतीन टक्के एक्साइज बसली.

याचा अर्थ साध्या शब्दांत पाहा. तलम विलायती धोतर नेसणाऱ्या माणसाचा कर कमी झाला. गिरणीचे जाड लुगडे नेसणाऱ्या बाईवर आजवर नव्हता तो कर बसला. जाड्या कापडात लँकेशायरची मुंबईशी फारशी स्पर्धाच नव्हती. म्हणजे ज्या मालाने त्यांचे नुकसान होत नव्हते, त्याच्यावरही तत्त्वाच्या नावाखाली कर आला. महाराष्ट्रात याविरुद्ध मोठी खळबळ उडाली. ‘केसरी’ने विलायती कापडावर बहिष्काराचा पुरस्कार केला, आणि विदेशी कपड्यांची होळी १८९६ मध्येच पेटली, बंगालच्या फाळणीच्या नऊ वर्षे आधी. पुढे १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी सरकारला तिच्याच आकड्यांत पकडले. तिजोरीत शिल्लक पडते आहे, याचा अर्थ लोकांकडून जरुरीपेक्षा जास्त घेतले जात आहे. मग मिठाचा कर कमी करा, कापडावरची एक्साइज काढा. मिठाचा कर पुढच्याच वर्षापासून उतरू लागला. कापडाची एक्साइज जागची हलली नाही. मिठावरच्या कराला विलायतेत कुणी मतदार वाली नव्हता. एक्साइजला मात्र होता.

इथपर्यंतची गोष्ट काळी आणि पांढरी दिसते. पण ताणा सरळ असला, तरी बाणा आडवा जातो, त्याशिवाय कापड होत नाही. म्हणून आडव्या धाग्यांविषयीही बोलले पाहिजे.

पहिला धागा माझ्याच घरचा. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून पोट भरायला इकडे आले आणि मालेगावात त्यांनी हातमाग मांडले. भिवंडीचे अनेक मोमीन विणकर असेच आलेले. १८९६ चा कर गिरणीच्या कापडावर होता, हातमागाच्या कापडावर नव्हता. सुतावरची जकातही त्याच कायद्याने गेली. म्हणजे माझ्या खापरपणजोबांच्या मागाला या कायद्याने इजा झाली नाही. उलट त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या गिरणीच्या कापडावर कर बसला. ज्या कायद्याला सारा देश अन्याय म्हणत होता, त्याने एका गरीब विणकराला थोडा आधारच दिला असणार. त्याला कुणी विचारले नव्हते, त्याचा कुणी विचारही केला नव्हता.

दुसरा धागा गिरणी कामगारांचा. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही, असे ठरवले. सात वर्षांचे मूल आणि नऊ तास! आज अंगावर काटा येतो. पण तेव्हा ती सुधारणा होती. या कायद्यासाठी विलायतेत ज्यांनी जोर लावला, त्यांत दयाळू सुधारक होते, तसे लँकेशायरचे गिरणी मालकही होते. मुंबईचा माल इतका स्वस्त पडतो तो कामाला तासांची मर्यादा नाही म्हणून, हे त्यांचे गणित. आणि कायद्याला विरोध करण्यात मुंबईचे आपले देशी गिरणी मालक पुढे होते. देशाभिमान त्यांच्याही तोंडी होता. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केले, त्यांचे गाऱ्हाणे मांडले, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, ती याच देशी मालकांकडून. आज रविवारी सकाळी आपण ही पुरवणी निवांतपणे वाचतो, त्यामागे लोखंड्यांची ती खटपट आहे.

मग निष्कर्ष काय? परक्याच्या स्वार्थातून आपले भले झाले, तर तो निर्णय चांगला म्हणायचा का? फळ गोड असेल तर ते खावे, हे व्यवहाराला धरून आहे. पण न विचारता मिळालेली सवलत न विचारताच जाते. माझ्या खापरपणजोबांना जे मिळाले ते हक्काने नव्हते; दोन धनदांडग्यांच्या भांडणात ताटाबाहेर सांडलेले ते शीत होते. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार मात्र टिकला, कारण तो मागून, भांडून, सह्या गोळा करून मिळवलेला होता.

एक्साइज शेवटी गेली कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानने इंग्लंडला दहा कोटी पौंड देऊ केले. ते उभे करण्यासाठी १९१७ मध्ये कापडावरची आयात जकात साडेसात टक्के झाली, आणि एक्साइज साडेतीनवरच राहिली. लँकेशायरचे शिष्टमंडळ भारतमंत्र्यांकडे धावले. या वेळी त्यांना रिकाम्या हाती परतावे लागले. मतदार तेच होते, पण युद्धाला पैसा हवा होता आणि हिंदुस्थानची मर्जीही हवी होती. १९२१ मध्ये जकात अकरा टक्क्यांवर गेली, तेव्हाही तसेच झाले. तरी एक्साइज उभीच होती.

१९२५ मध्ये कापडधंद्यात मंदी होती. मुंबईच्या मालकांनी कामगारांच्या पगाराला साडेअकरा टक्के कात्री लावली. एक्साइज गेली तर कपात मागे घेऊ, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबरमध्ये संप सुरू झाला. सुमारे दीड लाख माणसे कामावर जाईनात. साचे थांबले, धोटे थांबले, भोंगे वाजून मुकाट होत राहिले. डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी सरकारने एक्साइज स्थगित केली. कपात मागे घेतली गेली, संप मिटला. १९२६ मध्ये कर कायमचा गेला.

तीस वर्षे ‘केसरी’ने लिहिले, गोखले बोलले, काँग्रेसने ठराव केले. त्या सगळ्याची पुण्याई होतीच. पण शेवटचा धक्का दिला तो ज्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नव्हते, अशा दीड लाख लोकांनी, उपाशीपोटी. आणि फायदा कुणाचा झाला? कामगाराला होता तोच पगार परत मिळाला. कर गेला त्याचा लाभ मालकाच्या वहीत जमा झाला. अडीच वर्षांतच, एप्रिल १९२८ मध्ये, त्याच गिरणगावात पुन्हा संप झाला, कारण तेवढ्याच माणसांकडून जास्त साचे चालवून घ्यायचा मालकांचा बेत होता. तो संप सहा महिने चालला.

लँकेशायरच्या कामगारांविषयी माझ्या मनात राग नाही. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी तिथल्या डार्वेनला गेले होते. त्यांच्या स्वदेशीच्या चळवळीने तिथल्या गिरण्या बंद पडत होत्या, माणसे बेकार झाली होती. तरी त्या बायाबापड्यांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. हसत हात उंचावलेल्या कामगार स्त्रियांच्या घोळक्यातले गांधीजींचे ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. गांधीजींनी त्यांना हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कहाणी सांगितली. एका गरिबाच्या मताने दुसऱ्या गरिबाचे लुगडे महाग झाले होते, आणि दोघांची गाठ पडली ती इतक्या उशिरा.

स्वातंत्र्य आले, प्रत्येकाला मत मिळाले. मग प्रश्न मिटला का? पुन्हा गिरणगावातच जाऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्या संपाचे काय झाले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. १९८४ मध्ये, देशभर काँग्रेसची लाट असताना, कामगारांनी सामंतांना लोकसभेवर निवडून दिले. मतदार जे करू शकतो ते त्यांनी केले. गेलेली नोकरी काही त्या मताने परत आली नाही.

मग प्रश्न आला गिरण्यांच्या जमिनीचा. मुंबईच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर. १९९१ मध्ये सरकारने नियम केला, की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. कागदावर निर्णय समतोल होता. पण जमिनीचा दोन तृतीयांश भाग सोडायला मालक पुढे येईनात. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता साऱ्या जमिनीची नव्हती. फक्त मोकळ्या जमिनीची होती. जिथे गिरणीची इमारत उभी आहे, ती पाडल्यावर निघणारी जमीन वाटणीतून सुटली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? सरकारचे म्हणणे असे, की त्याशिवाय जमिनी सुटणार नाहीत, बंद गिरण्यांचे पुनर्वसन होणार नाही, कामगारांची थकलेली देणीही मिळणार नाहीत. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला तो सार्वजनिक जागेच्या बाजूने. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा नियम कायम राहिला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली, तेव्हा घरे होती सात हजारांच्या आत.

१८९६ मध्ये गिरणगावाला मत नव्हते. २००१ मध्ये होते, प्रत्येकाला होते. तरीही निर्णय झाला तेव्हा फार थोड्यांना त्याचा अर्थ कळला. आवाज मोठा झाला तो चार वर्षांनी, जमिनींचे सौदे होऊ लागल्यावर. मत पाच वर्षांतून एकदा मागितले जाते, आणि तेही शंभर प्रश्नांवर मिळून एकच. ज्याचा एकाच निर्णयात कोट्यवधींचा लाभ आहे, तो मंत्रालयाच्या पायऱ्या रोज चढू शकतो. ज्याचा तोटा मूठभर आहे, पण लाखो लोकांत वाटलेला आहे, तो कशाला चढेल? मँचेस्टरच्या चेंबरला साडेतीन टक्क्यांचा अर्थ पुरता माहीत होता. जाडे लुगडे नेसणाऱ्या बाईला वाटले असेल, यंदा कापड महागले.

याच कारणासाठी राजकीय पक्षांना पैसा कोण देतो, हे लोकांना कळले पाहिजे. २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना आली. देणगीदाराचे नाव तिच्यात मतदारापासून झाकलेले राहत होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. माहिती मिळणे हा मतदाराच्या हक्काचा भाग आहे, हे त्या निकालाचे सार. मँचेस्टरचे व्यापारी निदान उघडपणे अर्ज करत होते.

तेव्हा टपरीवरच्या आपल्या मित्राला मी एवढेच सांगेन. सगळे निर्णय आपल्याविरुद्धच असतात, असे मानून ग्लास खाली ठेवू नका, आणि निवडून आलेला माणूस आपला आहे म्हणून डोळे मिटूनही घेऊ नका. प्रत्येक निर्णयाला थोडे साधे प्रश्न विचारा. हा मागितला कुणी? सोडलेल्या पैशाची भरपाई कुणाच्या खिशातून होणार? आणि नियमातला कुठला शब्द बदलला? ‘जमीन’ या शब्दाआधी ‘मोकळी’ हा एक शब्द लागला आणि शहराचा नकाशा बदलला.

असे बदल करण्यापूर्वी सरकारला अनेकदा जाहीर सूचना द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना वर्तमानपत्रातच छापून येते, आतल्या पानावर, बारीक टाइपात, लग्नाच्या आणि भाड्याच्या जागांच्या जाहिरातींशेजारी. हरकतीसाठी बहुतेकदा महिनाभराची मुदत असते, वकील लागत नाही, साधा कागद चालतो. लोखंड्यांच्या काळी गिरणी कामगारांपैकी फार थोड्यांना वाचता येत होते, तरी त्यांनी अर्जावर अंगठे उठवले. आपल्याला वाचता येते.